वगळलेले चोवीस

११ जून

ताई,

वर 'सप्रेम' लिहिलेलं नाही, कारण ते खरं नाही. पत्र एवढ्यासाठी की तू माझा फोन घेत नाहीस, आणि ईमेल तुझी सेक्रेटरी आधी वाचते. कागद तुलाच उघडावा लागेल. फाडायचा झाला तरी स्वतःच्या हातानं फाडावा लागेल.

काल मावशी येऊन गेली. बाबांना बघायला म्हणून आली आणि पाऊण तास माझ्याकडेच बघत बसली. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, थोरलीनं एवढं औषध शोधून काढलं, सगळ्या जगाला मिळेल, आणि सख्ख्या बापाला मिळालं नाही, तिला किती लागलं असेल. म्हणजे तू तिला फोन केलास. मला नाही, मावशीला. आता सगळ्या नात्यागोत्यात झालं असेल की धाकटीनं हट्टापायी बापाचं वाटोळं केलं.

मग ऐक, त्या दिवशी काय झालं ते. तू तर फोनमधला नुसता आवाज होतीस.

सकाळी साडेअकराला बाबा टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. छापखान्यातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी लाल पेन घेऊन छपाईच्या चुका काढत बसतात, तुला माहीत आहे. मधल्या पानावर त्यांनी एका वेलांटीभोवती गोल करायला घेतला आणि तो गोल पुरा झालाच नाही. रेघ तशीच खाली कागदाच्या कडेपर्यंत गेली. आईला वाटलं, पेंगले. तिनं दोनदा हाका मारल्या, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला तर ते उजवीकडे कलंडले.

दीडला स्कॅन झालं. मेंदूच्या डाव्या बाजूला, आत खोलवर, छोट्या लिंबाएवढं रक्त साचलेलं. असले फोटो मी उंदरांचे शेकड्यांनी पाहिलेत, त्यामुळे डॉक्टरांनी बोट दाखवायच्या आत मला दिसलं. डॉक्टर चांगला होता. तरुण, दमलेला, पण खुर्ची ओढून बसून बोलत होता. म्हणाला, एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, सहा तासांच्या आत द्यावं लागतं, निम्म्या रुग्णांना औषध मिळतं आणि निम्म्यांना नुसतं सलाईन, कुणाला काय ते आम्हालाही ठाऊक नसतं. बारा पानांचा फॉर्म त्यानं आईपुढे ठेवला. तिसऱ्या पानावर औषधाचा नंबर होता. तो नंबर मी तीन वर्षं पिंजऱ्यांच्या कार्डांवर मार्करनं लिहीत होते.

आईच्या हातात पेन होतं. मी म्हटलं, "नाही."

तिनं तुला फोन लावून स्पीकरवर टाकलं. तू म्हणालीस, लगेच सही कर, एक मिनिटही घालवू नकोस. मी म्हटलं, "बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत आणि वीस वर्षं बीपीच्या गोळ्या खातायत. ताई, म्हातारे उंदीर आठव." तू दोन श्वास गप्प राहिलीस. ते दोन श्वास मी मोजलेत. मग तू म्हणालीस, "आई, तिचं ऐकू नकोस. माझ्यावरचा राग ती बाबांवर काढतेय."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि फॉर्म उचलला. घरात एकमत नसेल तर आम्ही पुढे जात नाही, नेहमीचे उपचार चालूच राहतील, एवढंच म्हणाला.

बाबा वाचले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. तेव्हापासून आई माझ्याशी जे चार शब्द बोलते त्यातले दोन ठरलेले असतात: तुझ्या रागापायी.

हे तिच्या तोंडी कुणी घातलं ते आपल्या दोघींना माहीत आहे.

'लोभ असावा' लिहायची हाताला सवय आहे. म्हणून हात आवरते.

धाकटी

२ जुलै

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

बाबा घरी येऊन महिना झाला. बोलायला शिकवणारी बाई एक दिवसाआड येते. चमच्याचं चित्र दाखवून विचारते, हे काय. बाबा बराच वेळ ओठ जुळवतात आणि म्हणतात, "ताई." घड्याळ दाखवलं तरी ताई. खिडकी लावायची असली तरी ताई. त्यांना शब्द एवढा एकच उरलाय आणि तो तुझा आहे. मी त्यांचं अंग पुसते, त्यांना भरवते, लघवीची पिशवी बदलते, आणि ते माझ्याकडे बघून म्हणतात, "ताई." शिकवणारी बाई हसून मला म्हणाली, तुमच्यावर फार जीव दिसतो त्यांचा. मी तिला सांगितलं नाही की मी ताई नाही.

आता मुद्द्याचं. तू विसरली असशील तर आठवण करून देते, कारण विसरणं तुला सोयीचं आहे.

आपल्या प्रयोगशाळेत तू डोकं होतीस आणि मी हात. तू शास्त्रज्ञ, मी जनावरांची डॉक्टर. मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस कुणाला सवड देत नाही, आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते उघडून बघता येत नाही. म्हणून आपण तो रक्तस्राव उंदरांत घडवायचो. मी घडवायचे. भूल देऊन डोकं फ्रेममध्ये बसवायचं, कवटीला मोहरीएवढं भोक पाडायचं, सुई सहा मिलिमीटर आत उतरवायची आणि थेंबाच्या शंभराव्या भागाएवढं ते विकर सोडायचं, जे रक्तवाहिनीची भिंत खातं. पाच मिनिटं सोडायला. दहा मिनिटं सुई तशीच ठेवायची. मग हळू, फार हळू वर. काही तासांत आत रक्त साचायला लागतं. दुसऱ्या दिवशी तो प्राणी एकाच बाजूनं वळतो आणि त्याचा एक पाय जाळीतून सारखा खाली निसटतो. हुबेहूब बाबांचा पाय पलंगाच्या कडेवरून निसटतो तसा.

तरुण, तगड्या नरांवर तुझं औषध लागू पडलं. सूज उतरली, पाय जाळीवर धरायला लागले. ते खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण म्हटलं तूच होतीस, की हा आजार तरुणांचा नाही, म्हाताऱ्यांचा आहे, बीपीवाल्यांचा आहे, तेव्हा तसेच प्राणी घेऊन बघू. जन्मजात बीपी असणाऱ्या जातीचे चोवीस म्हातारे उंदीर घेतले. रोज चार, सहा दिवस. बाराजणांना औषध, बाराजणांना सलाईन. शस्त्रक्रियेनंतर तीन दिवसांच्या आत औषधवाल्यांतले नऊ मेले. सलाईनवाल्यांतले तीन.

आणि तू ते चोवीसच्या चोवीस उडवलेस. शोधनिबंध छापून आला तेव्हा मी तो शेवटून वाचत गेले आणि बारीक टाइपात एक ओळ सापडली: वृद्ध प्राण्यांचा एक गट शस्त्रक्रियेतील तांत्रिक दोषामुळे वगळण्यात आला.

शस्त्रक्रियेतील. म्हणजे माझ्या.

मी तुझ्या केबिनमध्ये आले तेव्हा तू म्हणालीस, तुझा हात थरथरला असणार, दुसरं काही कारण दिसत नाही. माझा हात थरथरला नव्हता. अठरा वर्षांत एकदाही थरथरलेला नाही. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. दोन महिन्यांनी तू औषध बगलेत मारून, आता ही चाचणी घेतेय त्या कंपनीत गेलीस, आणि मी इथेच राहिले, जिचा हात थरथरतो ती बाई म्हणून. शिकायला येणारी मुलं मला सुई धरताना टक लावून बघायची.

मी त्या जनावरांना मारलं, हे मला मान्य आहे. माझं कामच ते आहे आणि त्याबद्दल मी कुणापुढे खोटे अश्रू ढाळत नाही. पण एखाद्याला मारायचं आणि मग मोजायचंही नाही? ते मला मान्य नाही. मग त्याला मारलं कशाला?

धाकटी

२४ जुलै

ताई,

आज तिसरं. पोस्टातला माणूस आता मला ओळखतो. बहिणीवर फार माया दिसते म्हणाला. मी हो म्हटलं.

तुमच्या चाचणीचे नियम मी मागवून वाचले. चाळीस ते ऐंशी वयाचं कुणीही चालतं. ऐंशी! बीपी असलं तरी चालतं. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांत बीपी नसलेलं माणूस शोधून दाखव. म्हणजे जो गट तू कागदावरून पुसलास तोच आता खाटांवर झोपवून त्यांच्या नसेत औषध सोडताय, आणि सह्या करायला आपल्या आईसारख्या बायका बसल्यात, ज्यांना तीन नंबरच्या पानावर काय लिहिलंय ते कळत नाही.

पासष्टच्या वरचे रुग्ण घेणं थांबव. तुझ्या हातात आहे. एक पत्र लिहावं लागेल, बस. तू बुद्धिमान आहेस, कारणही छान शोधशील.

थांबवणार नसशील तर मी काय करतेय ते सांगून ठेवते, म्हणजे पाठीमागून वार केला असं मावशीला सांगायला नको. शेजारच्या विभागात बीपीच्या जातीचे वीस म्हातारे उंदीर आहेत, त्यांचा प्रयोग अर्ध्यात बंद पडला. मी ते मागून घेतले. आमच्या एथिक्स कमिटीची रीतसर परवानगी घेतली. औषधशास्त्रातल्या बाई बाटल्यांवर नुसते आकडे घालून देणार आहेत, कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्या सलाईन ते त्यांच्या कपाटात कुलूपबंद. आणि टेबलाच्या वर कॅमेरा. माझे दोन्ही हात पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत त्यात दिसतील. मग सांग कुणाचा हात थरथरतो.

मला एकानं विचारलं, एवढा खटाटोप कशाला, तक्रार करून मोकळ्या व्हा. मी म्हटलं, तक्रार म्हणजे माझा शब्द आणि तिचा शब्द, आणि आमच्या घरात शब्द कुणाचा चालतो ते मला चाळीस वर्षं ठाऊक आहे.

धाकटी

२९ ऑगस्ट

तुझं पाकीट आलं. तीन पत्रांना मिळून दीड ओळ! हस्ताक्षर अजून तसंच, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं.

"त्या बॅचमध्ये खरंच काही झालं नव्हतं? पुन्हा विचारते."

बाबा कसे आहेत, हा प्रश्न नाही. आई कशी आहे, नाही. चाचणीचं काय करतेस, त्यावर चकार शब्द नाही. माझी उलटतपासणी तेवढी घ्यायची. तू जन्मभर हेच केलंस. गणिताची वही मी आणून दाखवायचे आणि तू बरोबर आलेल्या नऊ गणितांवरून नजर फिरवून दहाव्यावर बोट ठेवायचीस.

आज शेवटच्या चार शस्त्रक्रिया झाल्या. मी फार दमले आहे आणि मला फार राग आला आहे. जास्त लिहीत नाही.

२३ सप्टेंबर

ताई,

काल कुलूप उघडलं. वीस प्राणी, दहा आणि दहा. औषधवाल्यांतले सात मेले, सलाईनवाल्यांतले दोन. मेलेल्यांचे मेंदू मी स्वतः कापून बघितले. औषध दिलेल्यांत रक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहिलेलं आहे, गाठ दुप्पट. चित्रीकरण, फोटो, सगळं सोबत जोडलंय.

हे पत्र इथेच संपवून तुझ्या तोंडावर मारावं असा माझा बेत होता. काल दुपारपासून तीनदा संपवून बघितलं. संपत नाही. कारण तुझा दीड ओळीचा प्रश्न टेबलावर पडून आहे.

मी तुला सांगितलं की माझा हात थरथरला नव्हता. ते खरंच आहे. हात नव्हता थरथरला. स्क्रू ढिला होता.

सुई धरणाऱ्या दांड्याचा बारका स्क्रू. त्याचे आटे झिजले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सुई वर घेताना केसभर हलत होती. तिसऱ्या दिवशी शेवटचा प्राणी झाल्यावर माझ्या ते लक्षात आलं. मी स्क्रू बदलला, जुना ॲप्रनच्या खिशात टाकला आणि नोंदवहीत काहीही लिहिलं नाही. आठ प्राणी होते ते. चौघांना औषध, चौघांना सलाईन.

का लिहिलं नाही ते विचारशील. त्याच आठवड्यात बाहेरचे पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले होते आणि तू त्या सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "हिचा हात म्हणजे मशीन आहे." जन्मात पहिल्यांदा तू चारचौघांत माझं कौतुक केलं होतंस. दोन दिवसांनी येऊन मशीन बिघडलं होतं म्हणून सांगणं मला जमलं नाही. एवढंच. दुसरं काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तू मेंदूचे काप दिव्यावर धरून मला बोलावलंस. दोन-तीन ठिकाणी सुईची वाट रुंद दिसतेय, काही झालं होतं का, म्हणालीस. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारलंस. मी म्हटलं, नाही.

मी हो म्हटलं असतं तर तुला ते आठ वगळावे लागले असते, आणि सोळा उरले असते. काल बसून तेही मांडलं. औषधवाल्या आठांतले पाच मेले आणि सलाईनवाल्या आठांतले दोन. तेवढ्यावरून शपथ घेता येत नाही, पण थांबता आलं असतं. मी नाही म्हटल्यामुळे कुठल्या प्राण्यावर विश्वास ठेवायचा ते तुला कळेना, आणि तू चोवीसही उचलून फेकलेस. तो गुन्हा तुझाच. संशय होता तर पुन्हा प्रयोग करायचा होता, तुला कंपनीत जायची घाई होती. पण फेकायला निमित्त मी दिलं.

आणि त्या दिवशी हॉस्पिटलात मी नाही म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उंदीर होते की तू होतीस, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आईचं म्हणणं अर्धं खरं असेल. माझा सगळा संताप या अर्ध्याचा आहे.

उद्या सकाळी हे सगळं आमच्या संस्थेच्या आणि तुमच्या चाचणीच्या, दोन्हीकडच्या कमिट्यांना पाठवतेय. नवीन निकाल, जुनी बॅच, तुझी ती बारीक ओळ आणि माझा स्क्रू. तुला एक दिवस आधी कळवलं. यापेक्षा जास्त सख्य माझ्याच्यानं होणार नाही.

धाकटी

१७ ऑक्टोबर

ताई,

तू परवा कमिट्यांच्या बैठकीतून उठून सरळ गाडीत बसून गेलीस, म्हणून उरलेलं इथे लिहिते.

तू येणार नाहीस असंच मी धरून चालले होते. वकिलाचं पत्र येईल, तब्येतीचं कारण येईल. तू आलीस. केस पांढरे झालेत तुझे, कुणी सांगितलं नव्हतं मला. टेबलाच्या त्या टोकाला तू, या टोकाला मी, मध्ये सात माणसं आणि पाण्याचे ग्लास.

आधी माझी पाळी झाली. स्क्रूचं सांगितलं तेव्हा उजवीकडचे गृहस्थ असं बघायला लागले की मी चोवीस नाही, दोनशे चोवीस उंदीर खाऊन आलेय. मला त्याचं काही वाटलं नाही. तू मान वर केली नाहीस, त्याचं वाटलं.

मग तू उभी राहिलीस. काय मोजून मापून बोललीस! आम्हाला शस्त्रक्रियेबाबत शंका होती. आम्ही चर्चा केली. आम्ही तो गट वगळण्याचा निर्णय घेतला. आम्हाला त्या वेळी ते योग्य वाटलं. आम्ही? मला तर ते छापून आल्यावर कळलं. मी खुर्चीवरून उठणार एवढ्यात अध्यक्षबाईंनी, त्या निवृत्त न्यायाधीश आहेत ना, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, "'आम्ही' म्हणजे कोण?"

तू कागदाकडे बघितलंस. कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

"मी," तू म्हणालीस.

"आणखी कोणी?"

"नाही. मी एकटीनं. बहिणीला विचारलं नव्हतं. संशय तिच्या आठ प्राण्यांबद्दल होता आणि मी चोवीस काढले. सोळा ठेवले असते तर औषध पुढे गेलं नसतं, आणि मला ते पुढे न्यायचं होतं."

ताई, या वाक्याची मी चार वर्षं वाट बघत होते. आंघोळ करताना, उंदरांचे पिंजरे तपासताना, तुझ्या तोंडून ते कसं निघेल याच्या मी तालमी केल्यात. तालमीत मी दर वेळी जिंकायचे. परवा ते खरोखर कानावर पडलं आणि मला फक्त हे दिसलं की तू बसताना खुर्ची मागे आहे का ते हातानं चाचपलंस. बाबा आता बसतात तसं.

निर्णय तुला कळला असेलच. पासष्टच्या पुढचे रुग्ण घेणं कालपासून बंद. तोपर्यंत घेतलेल्यांत कुणाला औषध आणि कुणाला सलाईन, ती गुप्त यादी चाचणीचं सुरक्षा मंडळ उघडणार. मला सहा महिने शस्त्रक्रियेच्या खोलीत जायचं नाही. हे योग्यच आहे आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. स्क्रूसकट. ती चादरीच्या घड्या घालत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही दोघी एवढं शिकलात कशाला?" तुला उत्तर येत असेल तर कळव.

धाकटी

२० नोव्हेंबर

ताई,

यादी उघडली. तुला माझ्या आधी कळलं असणार, पण तू मला सांगणार नाहीस आणि मी तुला विचारणार नाही, म्हणून लिहूनच टाकते. पासष्टच्या वरच्या बावीस जणांना औषध मिळालं, त्यांतले अकरा गेले. सलाईन मिळालेले एकवीस, त्यांतले पाच गेले. तरुण माणसांत औषधानं फायदा दिसतोय, ते चालू राहील. म्हणजे तुझं औषध वाईट नव्हतंच. म्हाताऱ्यांसाठी वाईट होतं, आणि हे आपल्याला माहीत होतं.

काल तुझा फोन आला. चार वर्षांत पहिला. तू रडत होतीस आणि मी फोन कानाला लावून उभी होते. तू म्हणालीस, "तूच बरोबर होतीस." त्यावर मी काही बोलले नाही म्हणून तू फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, अजून हिचं मन भरलं नाही.

ते वाक्य पुन्हा म्हणू नकोस. मी बरोबर नव्हते. मी चार वर्षांपूर्वी तो स्क्रू तुझ्या टेबलावर ठेवला असता तर तुझ्यासमोर सोळा प्राणी उरले असते, आणि सोळा तुला फेकता आले नसते. किंवा आले असते. तू तेही फेकले असतेस का, हे मला कधीच कळणार नाही. तुलाही नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. तुझ्यावर येतो तो त्यानंतरचा.

ते अकराजण कोण होते ते कळायला मार्ग नाही, यादीत नुसती वयं आहेत. मी ती वाचली. एकाहत्तर, अडुसष्ट, ऐंशी, चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. तूही वाचली असशील. नसलीस तर वाच, आणि कुणाला करून दाखवायला नाही, एकटी बसून वाच.

आई आता 'तुझ्या रागापायी' म्हणत नाही. आकडा सांगितल्यापासून बंद झालं. बाबांना गेल्या आठवड्यापासून दुसरे शब्द यायला लागलेत. पाणी म्हणतात, पुरे म्हणतात. परवा वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते, मी सुलट करून दिलं तर रागानं माझ्या हातातून ओढून पुन्हा उलटं धरलं. रागावतायत म्हणजे सुधारतायत, असं ती शिकवणारी बाई म्हणते.

व्यायामवाल्यानं त्यांना रोज पलंगावरून खुर्चीत घ्यायला सांगितलंय. त्याला दोन माणसं लागतात आणि आईची कंबर गेली. रविवारी सकाळी नऊला ये. क्षमा वगैरे मागायला येणार असशील तर नको येऊस, त्याला इथे कुणाला वेळ नाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मीही बोलणार नाही.

डावी बाजू मी धरीन. उजवी तुला देणार आहे. ती जड असते.

धाकटी